शाल्मलीसाठी सोडलेला चहा

आमच्या गावात ‘साडेसातची’ म्हटलं की पाथर्डीहून येणारी मुक्कामी एसटी कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही, मालिका येते. मालिकेला नाव होतं, पण ते लांबलचक, बायांच्या तोंडात न बसणारं. आठची, साडेआठची, तशी ही साडेसातची. तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. रंगुबाईनं मात्र ती तपासली.

रंगुबाईचं घर माझ्या अंगणवाडीच्या समोर. वय पंचावन्नच्या पुढं, शिक्षण सातवी, अंगानं काटक. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही, हातातल्या कामाकडं बघून बोलते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या शेतात पाच-सहा बाया असतात. मुलं घरी गेली की मीही कमरेला ओटी बांधून तासभर जाते. एकीकडं वेचणी चालते, एकीकडं रंगुबाईचं चालतं. ती गोष्ट सांगत नाही, गोष्ट सगळ्यांनी आदल्या संध्याकाळी पाहिलेलीच असते. ती त्यातली माणसं सोडवून दाखवते, बोंडातून कापूस सोडवावा तशी.

मालिकेतली माणसं अशी. पुण्यात मोठा बंगला. सासू वसुंधरा, तिचा मुलगा अनिश, त्याची बायको शाल्मली आणि चुलत जाऊ कावेरी. लग्नातल्या पाटल्या हरवल्या, आळ शाल्मलीवर आला. वसुंधरेनं तिला बागेतल्या खोलीत राहायला लावलं आणि बजावलं, की बंगल्यात आलीस तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पाटल्या कावेरीनं तांदळाच्या डब्यात लपवल्या आहेत, हे वसुंधरा सोडून सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. म्हणजे शाल्मली एकदा स्वयंपाकघरात गेली आणि तिनं डबा उघडला की मालिका संपली. हीच तिची खरी अडचण होती.

“ती वसुंधरा लई वाईट बाई हाय,” एकदा ज्ञानेश्वरी म्हणाली. ही रंगुबाईच्या भावकीतली नवी सून, तोंडानं फटकळ.

“वाईट न्हाई. उपाशी हाय.”

“उपाशी?”

“तीन वर्षं झाली बघ. टेबलावर सगळी बसत्यात. ही वाढती. कुणीतरी काहीतरी बोलतं, ही ताटावरून उठून जाती. एक घास तोंडात गेलेला पाहिलास का तू? उपाशी माणूस चिडणारच.”

आम्ही वेचता वेचता आठवून पाहिलं. खरंच आठवेना. त्या संध्याकाळी मुद्दाम लक्ष दिलं. वसुंधरेनं चमचा उचलला आणि फोन वाजला.

अनिश सगळ्या बायांचा लाडका होता. रंगुबाई त्याला मोजत नव्हती. “बायको रडायला लागली की ह्यो पानी आनायला जातो. त्यो पानी घिऊन यायच्या आत जाहिरात लागती. जाहिरातीनंतर ती रडायची थांबलेली असती. एवढंच काम हाय त्याचं.” कावेरीला सगळ्या शिव्या द्यायच्या, तर रंगुबाई म्हणायची, “तिला खोली कोनती दिलीय ते बघा आदी. जिन्याखालची. जिन्याखाली राहून बघ तू सहा महिने, तुझ्या बी मनात येतील पाटल्या.”

हे सगळं ती फार गंभीरपणे सांगायची. कुणी हसलं तर तिला कळायचं नाही का हसलं.

आता चहाचं सांगते. तिचा मुलगा कल्याण तेहतीस वर्षांचा आहे. बी. ए. झालेला, आठ एकर कोरडवाहू रान आणि भाडं मारायला एक पिकअप. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, ही गोष्ट आमच्याकडं आता बातमी राहिलेली नाही. कल्याणची नऊ ठिकाणी बोलणी झाली. एका मुलीनं फोनवर विचारलं, घरापासून डांबरी किती लांब. एकीनं तर विचारलंही नाही. कल्याणच्या लग्नासाठी म्हणून रंगुबाईनं मोहटादेवीला बोलून वांगं सोडलं. वांगं ही काही लहान गोष्ट नव्हती. तिच्या हातचं भरीत तिलाच सगळ्यात जास्त आवडायचं. सोडल्यावर पंधरा दिवस ती परसातल्या वांग्यांकडं पाठ करून भांडी घासायची.

पुढच्या वर्षी नवरात्रात आम्ही बाया पायी मोहट्याला गेलो. मी देवीपुढं काही मागत नाही, आपलं सगळं नुसतं सांगते आणि येते. माझ्या शेजारी रंगुबाई डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते, आणि गर्दीतही मला ऐकू आलं, “शाल्मली सयपाकघराच्या उंबऱ्याच्या आत जाईपत्तुर मी चहाला शिवनार न्हाई.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अगं, हे काय बोललीस?”

“बाई, रविवारी एक तासाचा भाग हाय. ती आत जाती असं दाखवलंय जाहिरातीत.”

“मग जाणारच आहे तर सोडायचा कशाला?”

“देवीला बी वाटलं पायजे न, आपन ऐकलं म्हनून. चार दिवसाचा तर प्रश्न हाय.”

रविवारी गावातले सगळे टीव्ही एका वेळी लागले होते. शाल्मली स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिनं पाय उचलला. तो पाय तीन बाजूंनी दाखवला. मागं वसुंधरेचा चेहरा, कावेरीचा चेहरा, तांदळाचा डबा. मग जाहिराती. जाहिराती संपल्या आणि अनिशच्या अपघाताचा फोन आला. पाय माघारी आला.

त्यानंतर चौदा महिने गेले. अनिशची स्मृती गेली आणि परत आली. शाल्मलीसारखी दिसणारी आणखी एक बाई आली आणि गेली. बंगल्याचं छत गळलं. पण पाऊल काही आत पडलं नाही. आधी दिवसातून चार वेळा चहा पिणारी रंगुबाई सकाळी कोमट पाणी पिऊन शेतात जायला लागली. पहिले चार दिवस तिनं डोक्याला फडकं बांधलं होतं. घरातल्या पुरुषांनी कारण विचारलं नाही, बाईमाणसाचं काहीतरी उपासतापासाचं असतं एवढं त्यांना पुरलं. आम्हा बायांना माहीत होतं, आणि आम्ही हसत होतो, आणि रविवार आला की तिच्यासाठी म्हणून मुकाट्यानं टीव्हीपुढं बसत होतो.

एकदा वेचताना ती थांबली. “चवदा महिने झाले,” ती म्हणाली, “त्या घरात तांदूळ काढला न्हाई कुनी? मग खात्यात काय?” थोड्या वेळानं म्हणाली, “म्हनून ती उपाशी हाय.”

डिसेंबरात कल्याणसाठी भिंगारचं स्थळ आलं. मुलीचे वडील गहिनीनाथ मूळचे तिसगावच्या अंगाचे, आमच्याच जातीतले. लष्कराच्या डेपोत नागरी नोकरीत होते, निवृत्त होऊन भिंगारलाच राहिले. मुलगी पंकजा नगरला एका खासगी दवाखान्यात नर्स. वय एकोणतीस. तिचं एकदा ठरून मोडलं होतं. मोडलं मुलाकडच्यांनी, पण मुलगी तापट आहे, हाताला धरवत नाही, असं चार गावांत सांगितलंही त्यांनीच. त्यानंतर दोन वर्षं तिनं कुणाला घरी येऊ दिलं नव्हतं. आता तिनंच वडिलांना सांगितलं, शेतकरी चालेल, नोकरी सोडणार नाही. कल्याणला यात अडचण नव्हती. पाथर्डीतही दवाखाने आहेत.

अडचण चहाची होती. सोयरिकीच्या बैठकीचा आमच्याकडं एक नेम आहे. पोहे खाल्ले, तर त्याचा अर्थ एवढाच की भूक लागली होती. चहा घेतला म्हणजे बोलणं पुढं न्यायला हरकत नाही. कप भरलेला माघारी गेला की तिथंच संपलं, पाहुण्यांनी चपला घालायच्या. तोंडानं नाही म्हणायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून जुन्या माणसांनी हे घालून दिलं असावं.

“तुमी चला बाई,” रंगुबाई मला म्हणाली. “तुमाला बोलता येतं.”

कल्याणनं मित्राची गाडी आणली. पुढं तो आणि त्याचे वडील सहादेवभाऊ, मागं आम्ही दोघी. करंजीला गाडी थांबली. बापलेक टपरीवर गेले, आम्ही गाडीतच बसलो. काचेतून चहाचा वास आत आला.

“हे बघ,” मी म्हणाले, “तिथं घोटभर घे. देवीला मनातलं कळतं.”

“देवीचं न्हाई मला. ती घिईल समजून.” रंगुबाई पदराच्या टोकाला पीळ घालत होती. “पन ज्याच्यासाठी सोडलं, मोडल्यावर त्यालाच बादतं. तिकडं शाल्मलीला काय झालं म्हंजी?”

“अगं, शाल्मलीला काय होणार? ती संध्याकाळी रंग पुसून घरी जाते.”

“ती जाती. शाल्मली कुटं जाती?”

मी गाडीची काच वर केली.

“आनि दुसरं,” ती म्हणाली, “वांगं बी ह्याच देवीला बोलले मी. चहाचं मोडलं, तर वांग्याचं ती खरं धरंल का?”

हेही खरं होतं. चहा प्यायला तर वांगं बाद, आणि नाही प्यायला तर सोयरीक बाद. मी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. बापलेक परत आले आणि गाडी घाट ओलांडून भिंगारकडं लागली.

गहिनीनाथांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, लहान पण नेटकं. बैठकीला ते, त्यांची पत्नी मुक्ताबाई आणि मुक्ताबाईंचे भाऊ वाल्मिक, म्हणजे मुलीचे मामा. मामा कडक इस्त्रीच्या शर्टात, सगळ्यांत पुढं बसलेले. पाऊसपाण्याचं झालं, कापसाचं झालं. पोहे झाले. मग पंकजा ट्रे घेऊन बाहेर आली. डोळ्यांना चष्मा, अंगावर साधी साडी, चालणं दवाखान्यातल्यासारखं झरझर. तिनं एकेकापुढं कप ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सहादेवभाऊंनी बशीत ओतला. कल्याणनं एका दमात संपवला, जीभ भाजली असणार. रंगुबाईनं हात जोडले.

“मला ऱ्हाऊ द्या. मी घेत न्हाई.”

मुक्ताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

“साखरेचा त्रास हाय का?” गहिनीनाथांनी विचारलं. “बिनसाखरेचा कराय सांगतो.”

मी रंगुबाईला कोपर लावलं. फक्त हो म्हणायचं होतं.

“न्हाई, साखर बराबर हाय माझी,” ती म्हणाली. “पाथर्डीला तपासली.”

वाल्मिकमामांनी आपला कप खाली ठेवला. “मग पाव्हनं, आमी काय समजायचं? पसंत नसंल तर सरळ सांगा. आमची पोरगी काय वाटंवर पडल्याली न्हाई.”

सहादेवभाऊ बशीत बघत राहिले. शेवटी कल्याण बोलला. “मामा, तसं न्हाई. आईनं चहा सोडलाय. देवीला बोललीय.”

“कवापासून?”

“चवदा महिने झाले.”

“कशासाठी वो?” मुक्ताबाईंनी विचारलं.

कल्याणनं मान खाली घातली. आईनं चहा आपल्याच लग्नासाठी सोडलाय, असं त्याला चौदा महिने वाटत आलं होतं. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ सगळ्या बैठकीला एकदम कळला. मुक्ताबाईंनी डोळ्याला पदर लावला. गहिनीनाथ म्हणाले, “आईचं काळीज हाय, काय बोलायचं.” वाल्मिकमामा तर असे फिरले की मला त्यांचा राग धरायलाही वेळ मिळाला नाही. ते उठले, रंगुबाईपुढचा कप स्वतः उचलला आणि तिच्या हातात दिला.

“मग आता फिटला म्हना नवस,” ते म्हणाले. “सोयरीक जमली. आमच्या घरचा पयला घोट घ्या.”

इतकं सोपं झालं होतं. एक घोट. मी मनात देवीला सांगितलं, बाई, एवढा एक घोट तू बघू नकोस. रंगुबाईच्या हातात कप होता. आलं घातलेला चहा, वाफ तिच्या तोंडावर येत होती. चौदा महिन्यांनी. तिनं श्वास आत ओढलेला मी पाहिला. मग तिनं कप खाली ठेवला.

“खोटं बोलून सून न्यायची न्हाई मला,” ती म्हणाली. “कल्यानसाठी मी वांगं सोडलंय.”

“वांगं?” मामा म्हणाले.

“तिसरं वर्स चाललंय. जमलं आसंल तर ते फिटलं. चहा दुसऱ्या कामासाठी हाय.”

“कुटल्या?”

हातात काही काम नव्हतं म्हणून रंगुबाई टेबलावरच्या रुमालाची घडी घालायला लागली. “साडेसातची बगता का तुमी?” तिनं विचारलं. आणि मग सगळं सांगितलं. पाटल्या, उंबरा, एक तासाचा भाग, माघारी आलेला पाय.

“माझ्यासाठी वांगं,” कल्याण हळूच म्हणाला, “आनि तिच्यासाठी चहा?”

“वांगं काय साधं वाटलं व्हय रं तुला?” रंगुबाई रुमालाकडं बघत म्हणाली.

वाल्मिकमामा परत उठले, आता दुसऱ्या कारणानं. “चला. चेष्टा लावलीय माणसाची.”

“दादा, तू थांब जरा,” मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा पदर डोळ्यावरून खाली आला होता आणि त्या पुढं सरकून बसल्या होत्या. “तिनं आत जावं म्हनून सोडलाय व्हय तुमी?”

“व्हय.”

“मग चुकलं तुमचं. तिनं त्या सयपाकघरात जायचंच कशाला? शिकल्याली पोरगी. ज्या घरानं चोर म्हनलं, तितंच परत भाकरी थापायच्या?”

“भाकरी थापायला न्हाई. डबा उघडायला.”

“डबा कुनी का उघडंना. ती वसुंधरा घालू दे की हात.”

“ती कशाला घालंल? ती जेवतच न्हाई.”

मुक्ताबाई थबकल्या. “हे मी बी म्हनत हुते,” त्या म्हणाल्या. “हितं कुनी ऐकत न्हाई माझं.”

“अहो, मालिका ती,” गहिनीनाथ म्हणाले.

“तुमी थांबा,” दोघी म्हणाल्या.

मग पंधरा मिनिटं ती बैठक आमची राहिली नाही. अनिशला एक कान पकडून उभं करायला पाहिजे होतं, यावर दोघींचं एकमत झालं. कावेरीवर झालं नाही. मुक्ताबाईंना जिन्याखालच्या खोलीची दया येत नव्हती. कल्याण आणि सहादेवभाऊ, दुसऱ्याच्या भावकीच्या वाटणीत सापडल्यासारखे, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

“बरं, उघडला डबा,” शेवटी मुक्ताबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. “सापडल्या पाटल्या. पुढं काय? राहायचं तितंच?”

“ते तिच्या मनावर,” रंगुबाई म्हणाली. “वाटलं तर ऱ्हाईल, वाटलं तर जाईल. पन जाताना चोर म्हनून न्हाई जानार. माझं एवढंच हाय.”

मुक्ताबाईंनी दाराकडं पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. पंकजा चौकटीला टेकलेली होती ती सरळ उभी राहिली होती. ती पुढं आली आणि रंगुबाईसमोर थांबली.

“चहा सोडल्यावर डोकं दुखलं असेल,” ती म्हणाली.

“चार दिवस लई.”

“आणि झोप?”

“झोप चांगली लागती आता.”

“मग ठीक आहे.”

तिनं टेबलावरचा कप उचलला. एव्हाना त्यावर साय धरली होती. सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या, तिनं तो गार चहा पिऊन टाकला आणि रिकामा कप ट्रेमध्ये पालथा घातला.

“कप भरलेला माघारी न्यायचा नसतो ना, मामा?” ती म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली.

वाल्मिकमामा उभेच होते. त्यांनी ट्रे गेला त्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, जणू अंगणवाडीत याबद्दल काही नियम शिकवत असतील. नेम कपाचा होता. तो कुणी रिकामा करायचा, हे जुन्या माणसांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. मामा बसले. गहिनीनाथांनी पंचांग मागवलं.

लग्न वैशाखात झालं. पंगतीला आमच्याकडं असते तशी वांग्याची रस्साभाजी होती. रंगुबाई वरमाय, तिला बसायला वेळ नव्हता, पण ती बसली. तीनदा भाजी मागून घेतली. वाढपी चौथ्यांदा आपणहून थांबला. चहाचा थर्मास घेऊन कुणीतरी आलं, तेव्हा तिनं हात आडवा केला.

कारण लग्नाच्या पंधरा दिवस आधी साडेसातची संपली होती. वाहिनीवाल्यांना ती वेळ दुसऱ्या कशाला तरी हवी होती, म्हणून सगळं चार दिवसांत उरकलं. शेवटच्या भागात पोलीस कावेरीला घेऊन गेले, पाटल्या वसुंधरेच्या हातात आल्या, सगळे हॉलमध्ये ओळीनं उभे राहिले आणि फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी पातेलंभर चहा घेऊन रंगुबाईच्या अंगणात हजर.

“घ्या आता. फिटलं.”

“ती हॉलमधी हुती,” रंगुबाई म्हणाली. “सयपाकघर कुटं दाखवलं?”

“अवो, पाटल्या सापडल्या म्हंजी डबा उघडला. डबा उघडला म्हंजी आत गेली.”

“कुनी उघडला ते दाखवलं का?”

नव्हतं दाखवलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं समजावलं. मी तर म्हणाले, देव सगळं काही डोळ्यांनी दाखवत नाही, काही धरून चालायचं असतं. ती म्हणाली, “देवाचं धरून चालते की बाई. पन हे वाहिनीवाले हायेत.” पातेल्यातला चहा आम्ही वाटून प्यायलो.

लग्नाच्या दिवशी पंकजा माप ओलांडून आत आली. आमच्याकडं देवघर स्वयंपाकघरातच असतं, त्यामुळं नवरानवरीला सरळ तिथंच नेतात. उंबऱ्याशी पंकजा थांबली नाही, काही वाजलं नाही, कुणाचा फोन आला नाही. गेली आत. रंगुबाई माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, एवढंच तर हुतं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले, तर सून तांदूळ कुठं ठेवलाय विचारत होती. रंगुबाईनं फळीवरचा डबा दाखवला. पंकजानं झाकण काढलं, आणि सासूनं मागून वाकून आत पाहिलं. सवयीनं पाहिलं असणार.

पंकजा आता पाथर्डीला जाते, कल्याण तिला पिकअपमधून सोडतो. मालिका ती बघत नाही, तेवढा वेळ ती झोपते. पण सासूचा नवस तिनं अंगावर घेतल्यासारखा झाला आहे. कुठं बैठकीला, बारशाला, भेटीला जायचं असलं की रंगुबाई सुनेला बरोबर नेते. रंगुबाईपुढं कप येतो, पंकजा आपला संपवते आणि मग तोही. परवा सुट्टीच्या दिवशी तीन घरं झाली. परत येताना ती मला म्हणाली, “बाई, तुम्ही आत्यांना सांगा. दुसरी मालिका धरायची तर धरा, पण सोडायचं काही आधी मला विचारून. आज सहा कप झाले माझे.”

“कारलं सोडते आता,” रंगुबाई म्हणाली.

“कारलं तुम्ही खाताच कुठं?”

“म्हनून तर.”

वेचणी पुन्हा सुरू झाली आहे. आठची चांगली चालू आहे म्हणतात, बाया तिच्यावर बोलत असतात. रंगुबाई ऐकते, एखाद्याचं चुकलं कुठं ते सांगते, पण पूर्वीसारखं मन घालत नाही. मधेच वेचता वेचता थांबते आणि वसुंधरेचं काढते.

“तीन वर्सं, बाई,” ती म्हणते. “येवढं मोटं घर. आनि कुनी एकानं तिला जेवलीस का म्हनून इचारलं न्हाई.”